सुट्टीतल्या मुद्दाम चुका

शाळेच्या जिन्याखाली पूर्वी खेळाचं सामान ठेवायची एक खोली होती. तिच्यात थांबाबाई मुलांना बोलायला शिकवायच्या. खोलीला खिडकी एकच, आणि तीही इतकी वर की तिच्यातून आभाळाचा तुकडा आणि सायकलस्टँडच्या पत्र्याची कड एवढंच दिसे. छत तिरकं, कारण ते जिन्याचं पोट. मधल्या सुट्टीत पोरं वरून दणदणत उतरली की खोलीत कुणी काय बोललं ते शेजारच्यालाही ऐकू येत नसे. बोलण्याच्या वर्गाला शाळेनं नेमकी हीच जागा का द्यावी, हे कुणी विचारलं नाही. बाईंनीही नाही. त्यांनी तेवढ्या वेळात मुलांना गालात हवा भरून फुगे काढायला लावलं, आणि दणदणाट संपला की पुन्हा शब्दांकडे वळल्या.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं. थांबाबाई हे नाव पालकांनी ठेवलं आणि पालकांना ते ठेवायचा पूर्ण अधिकार होता. मुलाला घेऊन आई नाहीतर बाबा येत, बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसत. बाई मुलाला विचारत, काल काय केलंस? मुलानं तोंड उघडायच्या आत शेजारून उत्तर सुरू होई, की काल आम्ही मावशीकडे गेलो होतो, तिथं यानं सायकल चालवली, पडला, पण रडला नाही हो अजिबात. मग बाईंचा तळहात वर जाई. "थांबा." दुसऱ्यांदा हात वर करायची वेळ आली तर त्या पालकाची खुर्ची दाराबाहेर जाई आणि पाठोपाठ पालकही. आजवर एक वकील, एक हवालदार आणि एक दंतवैद्य असे तिथं बसून गेले होते. दंतवैद्याला फार जड गेलं, कारण तो बोलत असताना समोरच्यानं तोंड उघडून नुसतं ऐकायचं अशी त्याला सवय.

थांबणं हाच बाईंचा सगळा हुन्नर होता. कुणाचा 'र' निघत नसे, कुणी पहिल्याच अक्षरावर अडकून लाल होई, कुणाला शब्द शंभर येत पण दोन शब्द एकापुढे एक ठेवता येत नसत. बाई प्रश्न विचारत आणि मग गप्प बसत. नुसत्या गप्प नाही, अगदी निवांत, चेहऱ्यावर कसली घाई नाही की मदतीची तयारी नाही. एकदा एका मुलानं उत्तराला इतका वेळ लावला की शिपायानं खोली रिकामी समजून बाहेरून दिवा बंद केला. बाई तशाच अंधारात बसून राहिल्या. उत्तर आलं, शाबासकी दिली गेली, आणि मगच त्यांनी उठून शिपायाला झापलं.

आता यावरून कुणाला वाटेल की बाई घरीही अशाच असतील. तर तसं काही नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांसाठी थांबून त्यांच्याजवळचं थांबणं शाळेतच संपून जात असे आणि घरी येताना त्या रिकाम्या हातानं येत. घरी त्यांचे अहो होते. अहोंनी सारी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली होती. निवृत्त झाले तरी डोळ्यांची सवय जाईना. साबणाचं वेष्टन, औषधाच्या बाटलीवरचं चिठोरं, दुकानाच्या शटरवर चिकटवलेला कागद, जे दिसेल ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. बोलणं मात्र फार सावकाश. आधी घसा साफ करत, मग शब्द निवडत, मग निवडलेला शब्द पुन्हा एकदा तपासत. तेवढ्यात बाईंनी त्यांचं वाक्य पुरं करून, त्याला उत्तर देऊन, पुढचा विषय काढलेला असे.

"अगं, आज मला..." असं अहोंनी म्हणायचा अवकाश, की बाई म्हणत, "दुखतंय ना गुडघ्यात? तेल गरम करते." अहोंना सांगायचं असे की आज मला बाजारात तुझा भाऊ भेटला. पण तेल गरम होऊन आलेलं असे, मग ते चोळून घेत. बायकोच्या भावाची भेट अशी कित्येकदा गुडघ्यात जिरून गेली. अहोंची तक्रार नव्हती. तक्रार करायची म्हणजे पुन्हा वाक्य सुरू करणं आलं.

इतर मास्तर सुट्टीची वाट बघत, बाई तिला घाबरत. सहा महिने घासून पोराच्या तोंडून एक वाक्य काढावं, आणि सुट्टीत घरच्यांनी लाडानं त्याच्या वाटचं सगळं बोलून टाकावं, की शाळा उघडताना गाडी पुन्हा मूळ पदावर. म्हणून सुट्टीच्या आधी काही दिवस बाई खोलीत सुट्टीच मांडत. एक जुनी पत्र्याची पेटी आणत आणि मुलांसमोर प्रवासाचं सामान भरत. थंड डोंगरावर जायचंय म्हणत आणि पेटीत हातपंखा, इस्त्री आणि एक वीट ठेवत. वीट का, असं म्हटल्याशिवाय कुणालाही पेटी लावून मिळत नसे. पुठ्ठ्याच्या खोक्याला खिडकी कापून तिकीटघर केलेलं असे आणि आत बाई खेकसणाऱ्या कारकुनाचा चेहरा करून बसत. नुसतं बोट दाखवलं तर तिकीट नाही. कुठे जायचं, कितीजण, कोणत्या वेळी, हे सगळं सांगावं लागे. एकानं घरचं तिकीट मागितलं तेव्हा बाईंनी तेही दिलं, आणि तो खरंच दप्तर उचलून घरी निघाला.

पण सुट्टीसाठी बाईंचं खरं औषध वेगळंच होतं. ते बाई पालकांना देत. रोज एक मुद्दाम चूक करायची. मुलाला दुधाऐवजी रिकामा पेला द्यायचा. बूट हातात चढवायचे. दार उघडायचं सोडून खिडकीला किल्ली लावायची. आणि चूक करून झाली की चेहरा सरळ ठेवून गप्प बसायचं, जणू जगात सगळं ठीक चाललंय. मुलाला राहवत नाही. समोर मोठा माणूस गाढवपणा करतोय म्हटल्यावर कुणाच्याही जिभेला खाज सुटते. फक्त मोठ्यांनी तोंडाला कुलूप घालायचं, एवढीच अट.

हे औषध बाईंनी एकदा अहोंवरही करून पाहिलं होतं, माणूस जरा बोलता व्हावा म्हणून. मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही. अहोंनी पहिला घास घेतला, चावला, घसा साफ केला. बाई म्हणाल्या, "अळणी झालीय ना? मुद्दामच नाही घातलं मीठ. घ्या, वरून घ्या." प्रयोग तिथेच आटोपला. अहोंनी मीठ घेतलं आणि जेवले.

या वर्षी सगळ्या मुलांत बाईंचा जीव एकीत अडकला होता. तिला घरी मुंगी म्हणत, म्हणून शाळेतही मुंगीच. सहा वर्षांची, बारीक, सदा कशात तरी गुंतलेली. ऐकू सगळं येई, कळे सगळं, हसू येई तिथे हसे, पण घराबाहेरच्या माणसापुढे तिनं आजवर एक शब्द काढलेला नव्हता. बाई तिच्याबरोबर वर्षभर त्या तिरक्या छताखाली बसल्या. फुगे झाले, पेटी झाली, तिकीटघर झालं. विटेकडे बघून मुंगी पोट धरून हसली, मग उठली, वीट स्वतःच काढून बाजूला ठेवली आणि पेटी लावली. बोलली नाही.

त्यात शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगून ठेवलं होतं की सुट्टीनंतर हे असं चालायचं नाही. पोरगी बाहेरच्या एका माणसाशी तरी स्वतःहून, एक तरी पुरं वाक्य बोलली असेल तर पहिलीत बसवू. नाहीतर गावाच्या दुसऱ्या टोकाला न बोलणाऱ्या मुलांची शाळा आहे, तिकडे नाव घालू. मोठ्या बाई दुष्ट नव्हत्या. वर्ग भरलेले होते आणि त्यांना जागा हिशेबानं वाटायच्या होत्या. "तुम्ही म्हणालात बोलली, की माझ्यासाठी बोलली," एवढा त्यांनी थांबाबाईंवर विश्वास ठेवला होता. हा विश्वासच बाईंना जड झाला होता, कारण खोटं सांगणं त्यांना जमलं नसतं आणि न बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत मुंगी कायमची न बोलणारी झाली असती.

मुंगी का बोलत नाही, हे तिच्या घरी एकदा गेलेल्या कुणालाही कळलं असतं. तिला बोलायला जागाच नव्हती. बाप न्हावी. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. बापाच्या तोंडाचा पट्टा सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाबरोबर सुरू होई तो शेवटच्या दाढीपर्यंत. आजी पडद्यामागून त्याच्या प्रत्येक गोष्टीत दुरुस्त्या सुचवे. आई दोघांची भांडणं सोडवता सोडवता तिसरं भांडण काढी. आणि थोरली ताई, वय वर्षं दहा, मुंगीच्या वतीनं जगाशी बोलण्याची जबाबदारी जन्मापासून अंगावर घेतलेली. मुंगीनं पाण्याकडे नुसतं पाहिलं की ताई म्हणे, तिला तहान लागलीय, पण थंड नको, काल शिंकत होती. त्या घरात बिचारी भिंतीवरची पालसुद्धा चुकचुकायची थांबली असेल.

या मंडळींना बाईंनी मुद्दाम चुकांचं औषध दिलं आणि तिथे एक घोळ झाला. त्यांनी सांगितलं होतं रोज एक चूक. न्हाव्याच्या घरी कुणाला कमीपणा घ्यायची सवय नव्हती. प्रत्येकानं आपापली स्वतंत्र चूक करायला घेतली, आणि दुसऱ्यापेक्षा मोठी. आजीनं टॉवेल गुंडाळून उशीलाच आंघोळीला नेलं. आईनं घरभर भांड्यांऐवजी चपला मांडल्या. ताई तीन दिवस फ्रॉक उलटा घालून फिरली. न्हाव्यानं तर कमाल केली. भरल्या दुकानात एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उतरवली, अर्धी ठेवली, पावडर लावली, आरसा दाखवला नाही आणि मुंगीकडे बघत चेहरा सरळ ठेवून उभा राहिला. मुंगीनं मिशीकडे बोट दाखवलं. न्हावी गप्प. मुंगीनं बापाची बाही ओढली. न्हावी गप्प. गिऱ्हाईक पैसे देऊन बाहेर पडलं आणि चौकातून परत आलं ते बोंबलतच.

न्हावी दर दोन-चार दिवसांनी बाईंच्या घरी येऊन हे सगळं अभिमानानं सांगून जाई. बाई कपाळावर हात मारून घेत. पण एक गोष्ट त्यांना जाणवली होती. चूक केल्यावर गप्प बसायचं, या अटीपायी त्या घरात आता मधूनमधून शांतता होऊ लागली होती. मुंगी त्या शांततेत काय करते, असं त्यांनी विचारलं. न्हावी म्हणाला, काही नाही, आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसते एकेकाच्या.

बघता बघता सुट्टी सरली आणि शेवटचा दिवस राहिला. बाईंनी ठरवलं, आता खोटं तिकीटघर पुरे, खऱ्या खिडकीशी नेऊन उभी करू. गावाबाहेर मोठं तळं होतं, त्यात नावा सुटत. मुंगीला नावेत बसायचं वेड होतं, आजवर कधी बसली नव्हती. नावेच्या तिकिटाची खिडकी बुटकी होती, मुलांच्या नाकाला लागेल एवढी. योजना साधी होती. सगळ्यांनी जायचं, खिडकीपाशी मुंगीला पुढे करायचं आणि मागे सगळ्यांनी मूग गिळून बसायचं. ती मागेल तर नाव, नाहीतर घर. बाईंनी एकेकाला समोर बसवून बजावलं. वाटेत काहीही चुकलं, काहीही विसरलं, तरी कुणी चकार शब्द काढायचा नाही. त्या चुका मुंगीच्या वाट्याच्या. सांगायच्या तर तिनंच सांगायच्या. न्हाव्यानं, आजीनं, आईनं आणि ताईनं माना डोलावल्या. अहोंना हे काही सांगितलं नव्हतं, कारण न बोलण्याबद्दल अहोंना वेगळं काय सांगायचं, असं बाईंना वाटलं. त्यांना फळांची टोपली धरायला बरोबर घेतलं होतं.

बसथांब्यावर सगळे वेळेवर जमले. तळ्याकडे जाणारी बस लागलेलीच होती, न्हावी उडी मारून चढला आणि सगळ्यांसाठी जागा धरू लागला. अहो टोपली घेऊन मागे राहिले होते. बसच्या दाराशी काचेवर आतून एक कागद चिकटवलेला होता, तो ते वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"अगं, त्या कागदावर..."

"कागदबिगद उतरल्यावर टाकू, तिकडे डबा असेल," बाई म्हणाल्या आणि त्यांना कोपराला धरून वर चढवलं.

मुंगीला खिडकी हवी होती, ती अहोंच्या शेजारी बसली. बाई त्यांच्या पुढच्या बाकावर. बस सुटली. अहोंनी पुन्हा सुरुवात केली, "सुट्टीच्या दिवशी ही..."

"गर्दी असतेच हो सुट्टीच्या दिवशी. आज नशीब, बसायला मिळालं."

अहोंनी शब्द गिळला. मुंगी खिडकीतून बाहेर बघत होती, ती वळली आणि त्यांच्या तोंडाकडे बघू लागली.

पूल ओलांडला की तळ्याची बस डावीकडे वळते, हे त्या गावात कुणालाही ठाऊक होतं. ही बस उजवीकडे वळली.

आता पुढे जे झालं ते दुसऱ्या कुठल्याही कुटुंबाच्या हातून झालं नसतं. न्हाव्यानं डोळे मोठे केले, तोंड उघडलं, आणि मिटलं. त्याला वाटलं, वा, बाईंनी काय डोकं लढवलंय, अख्खी बसच चुकीची. आजीला वाटलं, हे माझ्या लेकाचं काम, मिशीवर थांबायचा नाही तो. आईला वाटलं, सासूबाईंनी आज सगळ्यांवर ताण केली. ताईला वाटलं, मोठे सगळे मिळून करतायत आणि मला आधी सांगितलंसुद्धा नाही. ती रुसली, पण गप्प राहिली. ही सगळी मनं नंतर उघड झाली. त्या वेळी दिसले ते फक्त चार सरळ चेहरे.

आणि बाई? बाईंनी वळण पाहिलं आणि न्हाव्याकडे पाहिलं. न्हावी इतका शहाणा चेहरा करून बसला होता की बाईंची खात्री पटली. त्यांचा ऊर भरून आला. नावेची एवढी ओढ असलेल्या पोरीला तळ्यापासून दूर नेणाऱ्या बसमध्ये घालायचं, ही मुद्दाम चुकांतली राणीच. इतकी वर्षं धंद्यात असून आपल्याला हे सुचलं नाही आणि एका न्हाव्याला सुचलं, याचं त्यांना कौतुक वाटलं. आता पोरगी बोलेल. आता बोललीच पाहिजे. त्यांनी श्वाससुद्धा हळू घेतला.

"अगं, ही जाते ना..." मागून अहो म्हणाले.

बाईंनी मान वळवून दबक्या आवाजात दटावलं, "कळलंय मला. मुद्दाम आहे."

"मुद्दाम नाही. ही..."

"थांबा," बाई म्हणाल्या आणि तळहात वर केला.

बस गावाबाहेर पडली. घरं विरळ झाली, मग संपली. रस्त्याच्या कडेनं खडीचे ढीग लागले. तळ्याचा मागमूस नव्हता. बसमधले दोन-तीन परके प्रवासी वाटेत उतरून गेले आणि ही मंडळी एकमेकांकडे न बघता बसून राहिली. न्हाव्याच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, इतका वेळ न बोलण्याची त्याला सवय नव्हती. आजीनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. मधे अहो दोनदा उठायला गेले आणि बाईंनी दोनदा त्यांना डोळ्यांनी खाली बसवलं. तिसऱ्यांदा त्यांनी नुसता घसा साफ केला, तर बाईंनी टोपलीतलं केळं सोलून त्यांच्या हातात दिलं. तोंड उघडलेलं होतंच, त्यांनी ते खाल्लं. मुंगीनं केळ्याकडे पाहिलं, अहोंकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ बाईंच्या पाठीकडे पाहिलं.

शेवटी बस एका मोठ्या फाटकापाशी थांबली. आत मैदानावर सिमेंटचे अजस्र पाइप रचून ठेवले होते, माणूस वाकून आत जाईल एवढे. कारखाना बंद, फाटकाला साखळी, आसपास चिटपाखरू नाही. ड्रायव्हर म्हणाला, शेवटचा थांबा, उतरा. सगळे उतरले. ओळीनं उभे राहिले. पाइपांकडे असं बघू लागले की जणू लहानपणापासून इथेच यायचं होतं. ड्रायव्हरनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, डोक्याला हात लावला आणि बस वळवायला मागे घेऊ लागला.

सगळ्यांचे डोळे मुंगीवर. बाई मनात म्हणत होत्या, बोल गं, सोन्या, एवढं मोठं चुकलंय, आता तरी बोल. उद्या सकाळी मोठ्या बाईंसमोर काय सांगायचं, हे त्यांच्या डोक्यात घोळत होतं, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाची ती शाळा, आणि तिथे एका बाकावर बसलेली ही बारीक पोर. त्यांनी तिच्यावरून नजर हलवली नाही. हलवली असती तर दिसलं असतं की अहो टोपली खाली ठेवून बसकडे हात करतायत.

"अगं, ही बस आता..." अहो म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

"अहो, कितीदा सांगू, तुम्ही मधे..."

"बाई."

आवाज बारीक होता, पण स्वच्छ. बाईंनी तो आधी कधी ऐकला नव्हता, म्हणून त्या इकडेतिकडे बघू लागल्या.

"बाई, आजोबांना बोलू द्या ना," मुंगी म्हणाली. "ते कधीचे सांगतायत. तुम्ही त्यांना बोलूच देत नाही."

न्हाव्यानं तोंडावर हात दाबून धरला. ताई काहीतरी म्हणणार तोच आईनं तिला पोटाशी ओढली. आजीचा पदराचा बोळा डोळ्यांकडे गेला. बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सांगायला पुष्कळ होतं, शाबास होती, मी कुठे अडवलं होतं, आणि हा सगळा तुझ्यासाठीच केलेला खेळ आहे, हेही होतं. पण मुंगी त्यांच्याकडे बघत उभी होती, निवांत, कसलीही घाई नसलेल्या चेहऱ्यानं, आणि तो चेहरा बाईंना ओळखीचा वाटला. त्यांनी तोंड मिटलं. आनंद झाला आणि लाज वाटली, दोन्ही एकदम, आणि दोन्हींना मिळून डोळ्यांत पाणी एकच आलं.

मग सगळे अहोंकडे वळले. अहोंचं असं कुणी कधी ऐकलं नव्हतं, ते जरा बावरले. त्यांनी घसा साफ केला. शब्द निवडला, तपासला. कुणी मदत केली नाही. मागे बस वळून रस्त्याला लागत होती.

"सुट्टीच्या दिवशी," अहो म्हणाले, "ही बस तळ्यावर जात नाही. इकडे येते. तसं त्या कागदावर लिहिलं होतं. आणि..." इथे ते पुन्हा थांबले. सगळेही थांबले. "आणि इथून ती लगेच परत फिरते. मग थेट संध्याकाळी."

वाक्य पुरं झालं तेव्हा बस वळणाआड गेली होती. तिचा धूर तेवढा राहिला होता.

न्हावी पहिला हसला. मग जे हसणं सुरू झालं त्यात कोण कुणाला दोष देतंय हे कळेनासं झालं. तू नव्हतीस होय, अहो मला वाटलं तुम्ही, अगं मला वाटलं सासूबाई, असं सगळ्यांचं साठलेलं बोलणं एकदम बाहेर पडलं. मुंगी फाटकाच्या गजांमधून आत शिरली होती आणि एका पाइपात तोंड घालून ओरडून बघत होती. पाइपातून तिचा आवाज भला मोठा होऊन परत येई आणि ती पुन्हा ओरडे. संध्याकाळच्या बसपर्यंत फळं सगळी संपली. अहोंनी त्या वेळात बाईंच्या भावाच्या सगळ्या भेटी सांगून टाकल्या, एकेक करून, आणि बाईंनी त्या ऐकल्या. दोनदा त्यांची जीभ वळवळली. दोन्ही वेळा मुंगी पाइपातून डोकं काढून बघत होती.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. बाई आपल्या खोलीकडे न जाता सरळ जिना चढून मोठ्या बाईंच्या दाराशी गेल्या. मोठ्या बाई वर्गांच्या याद्या पुढे घेऊन बसल्या होत्या. मुंगीचं नाव कुठे घालायचं, एवढंच त्यांनी विचारलं.

"पहिलीत," थांबाबाई म्हणाल्या. "बोलली."

"स्वतःहून?"

"स्वतःहून. बाहेरच्या माणसाशी. पुरी तीन वाक्यं."

मोठ्या बाईंना आनंद झाला. त्यांनी नाव लिहिलं आणि सहज विचारलं की काय बोलली. इथे बाईंना टाळता आलं असतं. नावेचं तिकीट मागितलं, असं सांगितलं असतं तर कोण बघायला जाणार होतं? पण त्यांनी मुंगीची वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली, एकही शब्द न गाळता. म्हणताना कान लाल झाले.

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या थांबाबाईंच्या अहोंना ओळखत होत्या. ओळखत होत्या म्हणजे पाहिलं होतं, आवाज कधी ऐकला नव्हता.

"मग दिलंत बोलू?" त्यांनी विचारलं.

"दिलं," थांबाबाई म्हणाल्या. "बस गेली, पण दिलं."